देवाने सगळे पुरवले, मग माणसाने राबायचे कशासाठी?

प्रश्न असा आला आहे: बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या दोन अध्यायांत देव माणसासाठी सगळे आधीच तयार करून ठेवतो. मग माणसाला काम कशाला? काम हा आदामाच्या पापाचा शाप आहे असे संडे स्कूलमध्ये शिकवले होते, ते खरे का? विचारणाऱ्या तरुणाने घरची परिस्थितीही लिहिली आहे. वडील कारखान्यातून निवृत्त झाले आहेत आणि 'आता माझा कोणाला काय उपयोग' असे म्हणत बसून राहतात. त्याला स्वतःला डिप्लोमा करूनही नोकरी नाही. एका प्रार्थनासभेत त्याला सांगितले गेले की अर्ज करणे सोड, विश्वास धर, देव पुरवील.

मी अनेक वर्षे नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये वचन शिकवत आलो आहे. हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत सतत समोर येतो, विशेषतः पाऊस हुकलेल्या वर्षी. माझे उत्तर आधीच सांगतो, मग वचनातून दाखवतो. उत्पत्तीच्या कथेत भाकर देवाकडून माणसाकडे येते. म्हणून माणसाचे काम ही त्या भाकरीची किंमत नाही, ती त्याच्यावर विश्वासाने सोपवलेली जबाबदारी आहे. बाकी सगळे यातून निघते.

पहिला अध्याय हातात घ्या आणि फक्त दिवसांचा क्रम पाहा. तिसऱ्या दिवशी पाणी एका जागी गोळा होते, कोरडी जमीन वर येते आणि त्याच दिवशी तिच्यावर हिरवळ, बी देणाऱ्या वनस्पती आणि आपापल्या जातीची फळझाडे उगवतात. त्या वेळी खाणारे कोणीच नाही. मासे आणि पाखरे पाचव्या दिवशी येतात, गुरेढोरे आणि माणूस सहाव्या. मग २९व्या वचनात देव माणसाला सांगतो की बी देणारी प्रत्येक वनस्पती आणि बी असलेल्या फळांचे प्रत्येक झाड मी तुम्हाला अन्न म्हणून दिले आहे. लगेच ३०व्या वचनात पशू, पाखरे आणि जमिनीवर रांगणारे प्राणी यांच्यासाठी हिरवा पाला. माणसाच्या पोटाची आणि चिमणीच्या पोटाची सोय एकाच दमात सांगितली आहे. आकाशातल्या पाखरांकडे पाहा असे प्रभू येशू डोंगरावरच्या प्रवचनात म्हणतो, तेव्हा तो या वचनाच्या फार जवळ उभा असतो.

या वचनांत 'बी' किती वेळा येते ते मोजायला मी बायबल अभ्यासाला आलेल्या शेतकऱ्यांना सांगतो. त्यांना त्याचा अर्थ समजवावा लागत नाही. देवाने दिलेल्या अन्नात पुढच्या वर्षीचे अन्नही आहे, पण ते आपोआप ताटात येणार नाही. कोणीतरी बी राखून ठेवायचे, पेरायचे, तण काढायचे. बी-बियाणे, विहीर आणि जमीन मुलाच्या हवाली करणाऱ्या बापासारखा इथला देव आहे. मुलाला त्याने काहीच कमी केलेले नाही, पण त्याला रिकामा बसवण्याचाही त्याचा इरादा नाही.

सातव्या दिवसाकडे आपण फार घाईने जातो. माणूस सहाव्या दिवशी, सगळ्यांत शेवटी घडला. म्हणजे त्याच्या आयुष्यातला पहिला पूर्ण दिवस कुठला? देवाच्या विसाव्याचा. त्याने अजून एक ढेकूळ फोडलेले नाही, एक झाड लावलेले नाही, आणि तो अशा दिवसात जागा होतो जो देवाने आशीर्वाद देऊन पवित्र केला आहे. माणसाने शाब्बाथ, म्हणजे हा विसाव्याचा दिवस, पाळावा अशी आज्ञा उत्पत्ती २ मध्ये नाही, ती पुढे निर्गम २० मध्ये येते आणि सृष्टीच्या याच आठवड्याचा आधार देते. तिथे विसावा फक्त घरधन्याला नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आतला परका या सगळ्यांना तो आहे. आपल्याला वाटते की सहा दिवस राबले म्हणून सातवा मिळतो. आदामाच्या बाबतीत विसावा आधी आला आणि काम नंतर.

आता थोडे बाबेलकडे, म्हणजे बॅबिलोनकडे जाऊ. हे कळल्याशिवाय उत्पत्तीचा आवाज किती वेगळा होता ते कळत नाही. मेसोपोटेमियात मातीच्या पाट्यांवर लिहिलेले अत्राहसीसचे महाकाव्य सापडले आहे. त्याच्या जुन्या पाट्या ख्रिस्तपूर्व १७व्या शतकातल्या आहेत. त्यात जगाच्या सुरुवातीला माणूस नाही, देवच राबत आहेत. इगिगी नावाचे धाकटे देव कालवे खणतात, टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांचे पात्रही तेच खणतात. कष्ट असह्य होतात तेव्हा ते आपली अवजारे आणि टोपल्या जाळून टाकतात आणि रात्री एन्लिल या मोठ्या देवाच्या घराला वेढा घालतात. तोडगा निघतो तो माणसाचा. एका देवाला मारून त्याचे मांस आणि रक्त मातीत कालवले जाते आणि त्यातून माणूस घडवला जातो, देवांचे ओझे त्याच्या खांद्यावर द्यायला. एनुमा एलिश या दुसऱ्या बाबेली काव्यातही किंगू या पराभूत देवाच्या रक्तातून माणूस घडतो आणि देवांची चाकरी त्याच्या माथी येते.

त्या जगात माणसाने देवांना जेवू घालायचे असते. अत्राहसीसमध्ये पूर येऊन माणसे बुडतात तेव्हा देवांची उपासमार होते, आणि पूर ओसरल्यावर वाचलेल्या माणसाने होम केला की देव वासावर माश्यांसारखे गोळा होतात.

या पार्श्वभूमीवर उत्पत्ती १:२९ पुन्हा वाचा. मी तुम्हाला अन्न दिले आहे. भाकरीचा प्रवाह उलटा फिरला आहे. इस्राएलाचा देव भुकेला नाही. स्तोत्र ५० मध्ये तो स्पष्टच सांगतो की मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, कारण जग आणि त्यातले सर्व काही माझेच आहे. उत्पत्ती २ मध्ये हिद्देकेल आणि फरात ही नावे येतात. त्या याच टायग्रिस आणि युफ्रेटिस. पण इथे त्या कोणा राबणाऱ्याने खणलेल्या नाहीत. एदेनातून निघालेली नदी बागेला पाणी देते आणि मग तिचे चार फाटे होतात, त्यांतले हे दोन. माणूस बागेत येतो तेव्हा पाणी आधीच वाहते आहे.

उत्पत्तीचा पहिला अध्याय आज आहे त्या रूपात बाबेलच्या बंदिवासाच्या काळात आला असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. यरुशलेम ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास पडले आणि लोकांना खास्द्यांच्या देशात, म्हणजे बाबेलात नेले. संदेष्टा यहेज्केल खबार नदीकाठी राहत होता, आणि ती बहुधा निप्पूर शहराजवळचा मोठा कालवा होती. बाबेली कारभाराच्या पाट्यांवरून दिसते की यहूदी लोकांना कालव्यांच्या मुलखात जमिनी कसायला आणि सरकारकामाला बसवले होते. अशा माणसाच्या कानांवर रोज हे पडते आहे की तू देवांचा मजूर आहेस, राबण्यासाठीच तुला घडवले. त्याला आपल्या लोकांच्या उपासनेत ऐकू येते की तू देवाच्या प्रतिरूपाचा आहेस, तुझे अन्न तुझ्या आधीपासून उगवलेले आहे, आणि सातवा दिवस तुझासुद्धा आहे. त्याच्यासाठी हे शास्त्रातले ज्ञान नव्हते, सुटका होती.

दुसऱ्या अध्यायात सूर बदलतो. तिथे सुरुवात कमतरतेपासून आहे. शेतात झुडूप नाही, पीक नाही, आणि कारणे दोन दिली आहेत: परमेश्वर देवाने पाऊस पाडला नव्हता, आणि जमिनीची मशागत करायला माणूस नव्हता. २:५ हे एकच वचन निवडायला सांगितले तर सृष्टिकथेतून मी हेच निवडीन. पाऊस माणसाच्या हातात नाही आणि नांगर देव धरत नाही. पारनेर, पाथर्डी, कर्जत या बाजूच्या माणसाला हे वचन फोड करून सांगावे लागत नाही. कितीही मशागत केली तरी मृग कोरडा गेला की काय होते ते त्याने पाहिले आहे, आणि पाऊस चांगला झाला तरी रान पडीक ठेवले की काय उगवते तेही.

पहिल्या अध्यायात झाडे आधी आणि माणूस शेवटी, दुसऱ्यात शेत रिकामे आणि माणूस आधी, हा विरोध नाही का, असे लोक विचारतात. बहुतेक अभ्यासक हे दोन वेगळे वृत्तांत मानतात. मला ते शेजारी शेजारी ठेवण्यात शहाणपण दिसते. पहिला सांगतो की पृथ्वीवर काहीच कमी नव्हते. दुसरा सांगतो की तरीही पृथ्वी कोणाची तरी वाट पाहत होती. एकच अध्याय असता तर आपण एकतर आळशी झालो असतो किंवा गर्विष्ठ.

मग देव माणसाला जमिनीच्या मातीतून घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो आणि पूर्वेकडे एदेनात बाग लावतो. बाग माणूस लावत नाही, देव लावतो. झाडांबद्दल दोन गोष्टी सांगितल्या आहेत: ती दिसायला मनोहर होती आणि खायला चांगली होती. मनोहर आधी, खाणे नंतर. पोट भरण्यापुरते देऊन देव थांबला नाही, डोळ्यांचीही त्याने काळजी घेतली. हवीलातले सोने आणि गोमेदही मध्येच येऊन जातात. ते खाण्याचे नाहीत, पण जगात आहेत आणि पुढे माणसाच्या हातांना लागणार आहेत.

अशा बागेत देव माणसाला ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करायला, २:१५. अजून सर्प आलेला नाही, फळ तोडलेले नाही, शाप नाही. काम तिथे आहे. तेव्हा काम म्हणजे शाप हे शिकवणे वचनाला धरून नाही. मशागतीबरोबर राखण आहे हेही सोडू नका. रानाची राखण करणाऱ्याला पिकाचा मालक होता येत नाही आणि पीक पाखरांवर सोडून झोपताही येत नाही. पुढे गणना ३ मध्ये निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, सेवा आणि जबाबदारी लेवी वंशातल्या लोकांवर सोपवली जाते, तिथेही हाच जोड आहे. म्हणून मी शेतातल्या कामाला उपासनेपेक्षा हलके मानत नाही. स्तोत्र १०४ मध्ये तर सिंहाच्या छाव्यांची रात्रीची शिकार आणि माणसाचे सकाळी कामावर जाऊन संध्याकाळपर्यंत राबणे हे एकाच स्तुतीत येते.

प्राण्यांची नावे ठेवण्याचा भाग मुले आवडीने ऐकतात, मोठी माणसे सोडून देतात. देव प्राणी माणसाकडे आणतो, तो काय नाव देतो ते पाहायला, आणि माणूस जे म्हणेल तेच नाव ठरते. देव स्वतः नावे देऊ शकला असता. पहिल्या अध्यायात दिवस, रात्र, आकाश, भूमी, समुद्र यांची नावे त्यानेच ठेवली. इथे तो थांबतो आणि बघतो. माणसाच्या बुद्धीसाठी जागा मोकळी ठेवणे हाही त्याच्या पुरवठ्याचा भाग आहे. आणि याच अध्यायात देव पहिल्यांदा एका गोष्टीला 'बरे नाही' म्हणतो. बाग, पाणी, काम, सगळे असूनही माणूस एकटा आहे. मग तो सोबत देतो. पुरवठा म्हणजे फक्त धान्य आणि पैसा समजणाऱ्यांनी इथे जरा थांबावे.

उत्पत्ती ३ कडे जाण्याआधी एक गोष्ट. बागेतल्या आज्ञेची सुरुवात मनाईने होत नाही. बागेतल्या प्रत्येक झाडाचे फळ खुशाल खा, हे आधी, आणि बऱ्यावाइटाचे ज्ञान देणाऱ्या त्या एका झाडाचे खाऊ नको, हे नंतर. सर्प येतो तेव्हा काय विचारतो? बागेतल्या कोणत्याच झाडाचे फळ खायचे नाही असे देवाने सांगितले, हे खरे का? त्याने शंभर झाडे पुसून टाकली आणि एकच समोर ठेवले. देव नाही असे तो म्हणत नाही, देव कंजूष आहे असे सुचवतो. स्त्रीच्या उत्तरातही फरक पडतो. शिवायचेही नाही, असे ती जोडते, जे आज्ञेत नव्हते. पापाची सुरुवात फळ तोडण्यापासून झाली असे आपण सांगतो. माझ्या वाचनात ती पुरवठ्यावरच्या संशयापासून झाली. देव हात आखडता घेतो असे एकदा मनात बसले की माणूस ओरबाडू लागतो.

मग शाप कोणाला? सर्पाला, आणि जमिनीला. ३:१७ नीट वाचा: तुझ्यामुळे भूमी शापित झाली आहे. माणसाला शाप दिला असे तिथे लिहिलेले नाही, आणि कामाला तर नाहीच. बदलले काय? जमीन आता काटे आणि कुसळे देईल, भाकर घाम गाळून खावी लागेल, आणि शेवटी तू मातीस मिळशील. काम तेच, पण आता ते माणसाविरुद्ध उठते. बांधावर कितीही राबले तरी गाजर गवत पुन्हा उगवते, उभे पीक एका रात्रीत गारपिटीने झोपते, पिकले तर भाव पडतो. हा कष्टातला कडवटपणा पतनानंतरचा, म्हणजे त्या पहिल्या पापानंतरचा आहे. कामातला अर्थ त्याच्या आधीचा आहे. दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत तर माणूस एकतर कामाचा द्वेष करतो किंवा अन्यायाच्या मजुरीलाच देवाची इच्छा समजून बसतो.

आणि पुरवठा? तो थांबला नाही. अंजिराच्या पानांची वस्त्रे घातलेल्या दोघांना देव चामड्याची वस्त्रे करून घालतो, बागेबाहेर काढण्याआधी. बाहेर पाठवतो तेही जमिनीची मशागत करायलाच, ३:२३. काम काढून घेतले नाही. जलप्रलयानंतर ८:२२ मध्ये तो वचन देतो की पृथ्वी आहे तोवर पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन थांबणार नाहीत. पण दुष्काळ पडणार नाही असे त्याने म्हटलेले नाही. याच पुस्तकात अब्राहामाच्या काळात दुष्काळ आहे, इसहाकाच्या काळात आहे, आणि योसेफाच्या काळात सात वर्षांचा आहे. तिथे पुरवठा कसा होतो पाहा. आकाशातून काही पडत नाही. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा गोळा करून नगरोनगरी कोठारे भरायची, अशी योजना योसेफ मिसरच्या राजाला त्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगताना मांडतो. स्वप्न देवाचे, कोठारांचा हिशेब माणसाचा.

आता त्या प्रार्थनासभेतल्या सल्ल्याकडे येतो, कारण असा सल्ला घरे मोडतो. अर्ज करू नको, फक्त विश्वास धर, हे बायबलचे शिक्षण नाही. रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेल्या अन्नाचे, मान्न्याचे, उदाहरण नेहमी दिले जाते. निर्गम १६ उघडा. मान्ना आकाशातून पडला, पण तंबूत कोणाच्या तोंडात पडला नाही. रोज सकाळी ऊन तापण्याआधी उठून बाहेर जायचे, माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर, गोळा करायचा. सहाव्या दिवशी दुप्पट. हावेने उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडत. आणि यहोशवा ५:१२ आम्ही मंडळ्यांमध्ये फार कमी वाचतो: कनान देशातले पीक खाल्ले त्याच्या दुसऱ्या दिवशी मान्ना बंद झाला. ती देवाची नाराजी नव्हती. जमीन आली, पेरणी-कापणी आली, आता पुरवठा त्या वाटेने होणार होता. नोकरीसाठी अर्ज करणारा माणूस अविश्वासू नाही. तो सकाळी तंबूबाहेर पडणारा माणूस आहे.

याच्या उलट टोकाला दुसरे वचन फेकून मारले जाते, २ थेस्सलनीकाकरांस ३:१०: जो काम करू इच्छीत नाही त्याने खाऊही नये. पौलाने 'इच्छीत नाही' म्हटले आहे. ज्याची काम करायची इच्छा आहे आणि ज्याला काम मिळत नाही, त्याच्याविषयी हे वचन नाही. बेकार मुलाला घरात हे वचन ऐकवणाऱ्या आईबापांना मी स्पष्ट सांगतो की असे करू नका.

'पृथ्वी सत्तेखाली आणा' या १:२८ बद्दलही थोडे बोलले पाहिजे. १९६७ साली लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने 'सायन्स' या नियतकालिकात लिहिले की पर्यावरणाच्या संकटाची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत, आणि त्याचा रोख सृष्टिकथेतल्या या अधिकारावर होता. आपल्या लोकांनी हे वचन ओरबाडण्याचा परवाना म्हणून वापरले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वचनाचा तो अर्थ नव्हे. ही सत्ता ज्यांना दिली त्यांना त्याच दमात खायला फक्त वनस्पती आणि फळे दिली आहेत. मांस खाण्याची मुभा जलप्रलयानंतर ९:३ मध्ये येते. माशांना आणि पाखरांना तर माणसाच्या आधीच, पाचव्या दिवशी, फळण्याचा आशीर्वाद मिळाला आहे, आणि त्यांचा आशीर्वाद मोडून आपली सत्ता चालवणे हे राखणदाराचे काम नाही. लेवीय २५ प्रमाणे दर सातव्या वर्षी जमिनीलाही विसावा द्यायचा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात मशागत आणि राखण एकत्रच वाचायला सांगितले. मी प्रोटेस्टंट असूनही त्या वाचनाशी पूर्ण सहमत आहे.

वडिलांबद्दल. 'आता माझा काय उपयोग' हे वाक्य निवृत्त माणसाच्या तोंडून येते तेव्हा ते बाबेलचे वाक्य असते. तिथे माणूस उपयोगासाठीच घडवलेला होता, उपयोग संपला की माणूस संपला. अश्शूरच्या एसर-हद्दोन राजाला त्याचे दरबारी पत्रांत देवाची प्रतिमा म्हणत. राजाला. कालव्यावरच्या मजुराला कोणी म्हटले नाही. उत्पत्ती १:२७ ते नाव सर्वांना देते, नर आणि नारी दोघांना. देवाचे प्रतिरूप म्हणजे सत्ता चालवण्याची भूमिकाच, असे काही विद्वान मानतात, आणि अध्यायाची मांडणी त्यांना आधार देते. पण तेवढेच खरे असेल तर पाळण्यातले बाळ, अर्धांगवायू झालेली आजी आणि तुमचे वडील प्रतिरूपातून वगळले जातील. ९:६ मध्ये देव माणसाचे रक्त सांडण्याविरुद्ध कारण देतो की माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. तो काय काम करतो हे तिथे विचारलेले नाही. वडिलांना हे समजावायला प्रवचन देऊ नका. त्यांच्याबरोबर उत्पत्ती १:२६ पासून २:३ पर्यंत वाचा आणि विचारा की आदामाने सातव्या दिवसापर्यंत काय काम केले होते. आणि मग त्यांना काहीतरी राखायला द्या: नातवंडाचा अभ्यास, मंडळीचा हिशेब, दारातली दोन झाडे. माणसाची किंमत कामाने ठरत नाही, पण कामावाचून त्याचे मन मरते.

हे महाराष्ट्रात प्रत्यक्ष कसे दिसले ते पाहायचे तर पुणे जिल्ह्यातल्या केडगावला जा. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार बायका आणि मुली आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती मिशन उभे राहिले. देव पुरवतो यावर रमाबाईंचा विश्वास फार पक्का होता, त्यांच्या पत्रांतून तो सतत दिसतो. पण त्यांनी विहिरी खणून घेतल्या, शेती केली, विणकाम सुरू केले, छापखाना चालवला. दुष्काळात सोडून दिलेल्या बायका अक्षरे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी मराठीत आणलेले संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, त्याच छापखान्यातून बाहेर पडले. उत्पत्ती १:२९ आणि २:१५ एकाच अंगणात पाहायला मिळण्याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

आता उरला प्रश्न ज्याच्याकडे जमीन नाही, नोकरी नाही, त्याच्यासाठी देव कुठल्या वाटेने पुरवतो. लेवीय १९ आणि अनुवाद २४ मध्ये नियमशास्त्र उत्तर देते: शेताच्या कडा पूर्ण कापू नका, पडलेली कणसे वेचू नका, विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नका, जैतुनाच्या फांद्या दुसऱ्यांदा झोडपू नका. ते परक्याचे, अनाथाचे आणि विधवेचे आहे. ते भीक म्हणून हातावर टेकवायचे नाही. त्यांनी येऊन वेचायचे, म्हणजे त्यांचे कामही राहते आणि मानही. रूथ २ मध्ये रूथ ही परकी विधवा वेचायला येते तेव्हा शेताचा मालक बवाज आपल्या माणसांना मुद्दाम सांगतो की पेंढ्यांतून थोडे काढून तिच्यासाठी टाका आणि तिला धमकावू नका. रूथ संध्याकाळपर्यंत वेचते, झोडते आणि एफाभर सातू घेऊन घरी जाते, शिवाय दुपारच्या जेवणातला राखून ठेवलेला हुरडा सासूला देते.

आमच्याकडे सुगीच्या उपकारस्तुतीला लोक ज्वारीची कणसे, भोपळे, कांदे, अंडी, कोंबड्या आणून वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. चढ्या बोलीने भोपळा घेणारे पुष्कळ असतात. त्या दिवशी मंडळीतल्या जाणत्यांनी आणखी एक काम करावे असे मी आग्रहाने सांगतो: कोणाच्या घरात कोणाला काम नाही त्याची यादी करा. ज्यांची दुकाने, वर्कशॉप, शेतीचे ट्रॅक्टर, दवाखाने आहेत त्यांना ती दाखवा आणि प्रत्येकाला विचारा की तुमच्या कामाची कड कोणासाठी राखता येईल. हा प्रश्न विचारणाऱ्या तरुणाने ही यादी स्वतःच करायला घ्यावी. त्याचा डिप्लोमा त्या कामी येईल, आणि यादीत पहिले नाव त्याचे असायला काहीच हरकत नाही.